सर्वांत छोटा नमुना

नव्या कंपायलरने भरतीकाकांचा प्रोग्रॅम अर्धा वाचला आणि मान टाकली. कंपायलर म्हणजे फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिलेलं यंत्राला कळेल अशा भाषेत आणणारं सॉफ्टवेअर. बंदरात केव्हा किती पाणी चढेल हे सांगणारा तो प्रोग्रॅम काकांनी उभ्या नोकरीत एकट्याने लिहिला होता. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं.

"महिनाअखेरपर्यंत चालला नाही, तर आपण तयार प्रोग्रॅम विकत घेतोय," बंदराच्या कचेरीतल्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका, काका."

काकांनी वाईट वाटून घेतलं आणि कंपायलर बनवणाऱ्यांना तक्रार लिहिली. उत्तर आलं: ज्यावर कंपायलर कोसळतो असा सर्वांत छोटा नमुना पाठवा.

काका कापाकापीला बसले. चंद्राचं गणित काढलं, तरी कंपायलर कोसळला. वाऱ्याचं काढलं, तरी कोसळला. खाडीतल्या गाळाच्या ज्या गणितापायी मुलीच्या लग्नातही त्यांचं लक्ष नव्हतं, तेही उडवलं. कुणाचं काही अडलं नाही, कंपायलरचंसुद्धा; तो कोसळतच राहिला. काकांना जेवण जाईना.

"अहो, मूळ फाईल बाजूला ठेवलीय ना?" बायकोने विचारलं.

"मला सगळं पाठ आहे."

नक्कल ठेवतो त्याचा स्वतःवर भरवसा नसतो, असं काकांचं जुनं मत होतं. कचेरीतला संगणक रोज नक्कल ठेवायचा, पण आदल्या दिवशीची पुसून.

शेवटी पोस्टकार्डावर मावेल एवढं उरलं. ते त्यांनी पाठवून दिलं. "इतका नेटका नमुना आम्हाला क्वचितच मिळतो. चूक आमचीच होती, दुरुस्त केली आहे," असं उत्तर आलं. काकांनी ते मॅडमना दाखवलं.

"मग लावा की तुमचा प्रोग्रॅम," मॅडम म्हणाल्या.

काकांनी लावला. कंपायलर कोसळला नाही. पडद्यावर उत्तर आलं: शून्य.

"म्हणजे आज भरती नाही?" मॅडमनी विचारलं.

खिडकीबाहेर पाणी धक्क्याला टेकलं होतं. काकांना तेव्हा कुठे कळलं की आपण काय पाठवलं आणि काय राखलं नाही. पाठ होतं ते त्यांनी लिहायला घेतलं, पण गाडी चंद्रापाशीच अडली. महिना संपला आणि तयार प्रोग्रॅम आला.

त्यानंतर कंपायलरवाल्यांचं आणखी एक पत्र आलं. काकांनी ते बायकोला वाचून दाखवलं: तुमचा नमुना आम्ही कायमचा ठेवून घेतला आहे, यापुढे प्रत्येक नव्या कंपायलरची परीक्षा त्यावर होईल.

"म्हणजे तुमचा प्रोग्रॅम कायम चालत राहणार?"

"हो."

"आणि उत्तर काय देणार?"

"शून्य," काका म्हणाले. "पण दर वेळी बरोबर."