वीसमधून वजा

समोरच्या चष्मेवाल्याकडे मी पक्कड मागायला गेलो. (घरात दोन पकडी आहेत. पण सकाळपासून त्याच्याकडे खुर्च्या सरकत होत्या. माणसाने किती सोसायचं?)

टेबलभर पिवळे पडलेले कागद होते. "दादा येतोय," तो म्हणाला. "अकरा वर्षांनी."

दोघा भावांनी शाळेत असताना एक अख्खं जग रचलं होतं: राजे, जादूगार, वेताळ, नकाशे. एकेक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ. मोठेपणीही खेळत, पण अकरा वर्षांपूर्वी एका डावात पंच म्हणून याने दादांविरुद्ध निकाल दिला, दादा याला लबाड म्हणाले, आणि बोलणंच संपलं. आता याच्या मुलीला त्याच जगात खेळायचं होतं, पण नव्या पुस्तकाच्या नियमांनी. म्हणून जुनी पात्रं नव्यात बसवणं चाललं होतं.

"जुन्यात चिलखताचा आकडा जितका लहान, तितकं ते भक्कम. नव्यात मोठा आकडा भक्कम: वीस बाजूंचा फासा तेवढा किंवा वर पडला तरच घाव. म्हणून वीसमधून जुना आकडा वजा करायचा."

"एवढंच? द्या इकडे!" (दहावी दुसऱ्या खेपेला सुटलो, पण गणितात पहिल्याच.)

चाळीस कागद तासाभरात उडवले, पेनने, ठळक. सगळ्यात वर दादांचा योद्धा होता. आकडा बावीस, ताज्या पेन्सिलीत. वीसमधून बावीस गेले, उणे दोन. असेल बिचारा अशक्त, म्हटलं.

दुपारी दादा आले. भावाकडे न बघता बसले. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर एक मरतुकडा वेताळ अंगावर आला. फासा पडला: दोन.

मुलीने कागद पाहिला. "मोठे काका... घाव लागला."

"दोनवर? अख्ख्या सैन्याला याच्यावर ओरखडा काढता आला नव्हता!"

"दादा, थांब, बघतो..."

"काय बघतोस? तेव्हाही मला पाडायलाच बसला होतास!"

दादा दारात जाऊन बूट घालू लागले. चष्मेवाला जागचा हलेना. नुसता त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. माझ्या डोक्यात तोवर लख्ख उजेड पडला होता, पण कबूल करवेना. दुसरा बूट उचलला गेला तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"दादा, ती वजाबाकी माझी! यांनी तुमचा कागद आधीच नव्यात आणला होता. मी परत वजा केलं."

दादा एका बुटावर परत आले. कागद खिडकीशी धरला. माझ्या शाईखाली पेन्सिलीतले बावीस दिसत होते.

"बावीस? आणखी कुणाला दिलेस एवढे?"

"कुणालाच नाही," चष्मेवाला पुटपुटला.

दादा बसले. पायातला बूट काढला. मग दोघा भावांनी माझ्याकडे पाहिलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं: एक चौकस शेजारी या जगात घालायचा आणि आधी तो वेताळापुढे ढकलायचा. फासा टाकायला तटस्थ माणूस हवा, म्हणून माझ्या बायकोला हाक मारली.

एरवी तीन हाकांनी न हलणारी ती, चिरती भाजी टाकून धावत आली.