उजवा दाणा, डावा दाणा

तोंडाला साबणाचा फेस तसाच ठेवून तात्या सलूनच्या खुर्चीतून उठले आणि भर बाजारातून भैरोबाच्या देवळाकडे निघाले. न्हाव्यानं एवढंच विचारलं होतं, "मिशी काढायची का?"

"इचारून येतो," म्हणाले.

तात्या माझे शेजारी. कळस गावात आमच्या दोन घरांत भिंत एकच. देवाला विचारायचं म्हणजे ज्वारीचे दोन दाणे ओले करून त्याच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायचे. उजवा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. गावात लग्न, विहीर असल्या मोठ्या कामांना असा कौल लावतात. तात्या मात्र आज वांगी आणू का, हेही देवालाच विचारत. लेकीनं पाठवलेला मोबाईल खोक्यातच पडून होता, कारण दोन्ही दाणे एकदम पडले होते. "भैरोबाचं अजून ठरंना," असं ते गंभीरपणे सांगत.

शेवंताकाकू, त्यांची बायको, म्हणायची, "द्येव कटाळला आसंल, पर ह्यो मानूस न्हाय."

मिशी राहिली, हे सांगायला हवं. डावा पडला होता.

गेल्या थंडीत एका सकाळी मी लोणी देवकरला कामावर निघालो होतो. बूट घालतोय तोच भिंतीपलीकडं परात आदळली. धावत गेलो. काकू चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, पिठानं माखलेला उजवा हात लोंबलेला. काहीतरी सांगू बघत होती आणि नुसती लाळ गळत होती.

"अंगावरनं वारं गेलंय," जमलेल्यांतली एक म्हातारी म्हणाली. "वैदूकडं न्या. पाला चोळतोय."

"बारामतीला न्यायचं, आत्ताच्या आत्ता," मी म्हणालो.

सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इचारून येतो," ते म्हणाले आणि गेले.

या वाक्याला आम्ही किती वर्षं हसत होतो! आज ते ऐकून कुणी हसलं नाही. डावा दाणा पडला तर? नवरा नको म्हणत असताना काकूला गाडीत कोण घालणार? मी गाडी दारात लावली आणि त्यांच्यामागं पळालो.

तात्या गाभाऱ्यात उभे होते. ओले दाणे तळहातावर, पण हात वर उचलवत नव्हता.

"न्हाय म्हनला तर?" ते कुजबुजले. "त्याचा शब्द मी कदी मोडला न्हाय. त्यो न्हाय म्हनला तर मी काय करू रं?"

मग तात्यांनी दाणे तसेच देवाच्या पायाशी ठेवले, हात जोडले आणि अनवाणी गाडीकडं पळत सुटले.

बारामतीत डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गुठळी आहे. वेळेत आणलंत, ती विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. पण त्यानं रक्तस्राव होऊन जिवावरही बेतू शकतं. सही करा.

तात्यांनी पेन हातात धरलं. मग माझ्याकडं न बघताच बोलू लागले. "थोरले भाऊ आन्ना व्हते तवर समदं तेच ठरवायचे. बैल कुठला घ्यायचा, हिच्याशी लगीन करायचं, समदं. मी नुसतं व्हय म्हनायचो. त्ये गेले. पोरी सासरी गेल्या. इचारायचं कुनाला? म्हनून मंग देवाला."

नर्स म्हणाली, "बाबा, लवकर करा."

त्यांनी सही केली. अक्षरं कागदावर कशीबशी उभी राहिली.

मग बाकावर बसले. पाणी घेतलं नाही. दार वाजलं की दचकायचे. एकदाच म्हणाले, "चुकलं आसंल तर ह्या बारीला माझं एकट्याचं."

दिवस मावळताना आत बोलावलं. काकूनं डोळे उघडले होते. तोंड अजून वाकडं होतं, पण डाव्या हातानं तिनं तात्यांची बाही पकडली आणि जड जिभेनं लांबलचक काहीतरी बोलली. तात्या वाकून ऐकत होते. "व्हय, व्हय," म्हणत मान डोलवत होते. डोळ्यांतलं पाणी मिशीपर्यंत आलं होतं.

"काय म्हणाली?" मी हळूच विचारलं.

"एक अक्षर कळलं न्हाय," तात्या म्हणाले. "पर आवाज तिचाच हाय."