रिकाम्या जागा भरा

साम्राज्य लोभातून जन्माला येते, असा एक गैरसमज शालेय पुस्तकांनी पसरवून ठेवला आहे. प्रत्यक्षात ते खोकल्यातूनही जन्माला येते.

हा खोकला अर्चनाबाईंचा होता. बोईसरच्या रासायनिक कारखान्यांना लागून असलेल्या सुगंधा सोसायटीत (नाव बिल्डरने ठेवले, त्या दिवशी वारा समुद्राकडून असावा) तिसऱ्या मजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान झुंबर दहातोंडे सर राहतात. सर मूळचे नेवाशाकडचे, गेली बावीस वर्षे इथल्या हायस्कुलात इतिहास शिकवतात. औद्योगिक युगातील साम्राज्यवाद हा त्यांचा हातखंडा विषय. "कच्चा माल, बाजारपेठ, जादा भांडवल आणि दुसऱ्याला सुधारण्याची खाज! चार कारणे, चार गुण. पाचवा गुण अक्षराला." बर्लिनच्या परिषदेपाशी आले की सरांचा आवाज कापू लागे. "बडे बडे पाहुणे जमले, आफ्रिकेच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि रेघा मारल्या! आफ्रिकेचा माणूस? एकही नाही बोलावला!" त्यात मोठा लचका तोडणाऱ्या बेल्जियमने सरांचे व्यक्तिशः काही वाकडे केले नव्हते, तरी त्या देशाचे नाव ते दातओठ खाऊनच घेत.

तिसऱ्या हिवाळ्यातही खोकला हटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हवा बदला. बोईसरची हवा बदलणे सरांच्या हातात नव्हते. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी सोसायटीच्या सोळा कुटुंबांनी 'वनश्री मंडळ' स्थापन केले, गाडी ठरवली आणि मासवणच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, त्यांना एका पाड्याचा शोध लागला.

पाडा तिथे पाच पिढ्या होता. परंतु सुगंधा सोसायटीने तो पाहिलेला नसल्याने शोध लागणे बाकी होते. मंडळाच्या वहीतली नोंद अशी : कुडाची घरे एकोणीस. मोहाचे झाड एक, विहीर एक, कुत्री चार. लोकसंख्या एक (वृद्ध स्त्री, नाव राहीबाई).

राहीबाई म्हणाली, "समदी भट्टीवर गेल्यात कामाला. शिमग्याला येतील."

नोंद झाली : 'स्थानिक भाषा अगम्य. वृत्ती सहकार्याची.'

दिवाळीनंतर पाडा वीटभट्ट्यांवर जातो आणि शिमग्याला घरी येतो, हे मासवणच्या चहावाल्यालाही ठाऊक होते. पण चहावाला हे इतिहासाचे अधिकृत साधन नव्हे. सरांनी पुरावा पाहिला, तो दारांचा. एकाही दाराला कुलूप नव्हते. नुसती दोरी गुंडाळलेली. आता, ज्याच्या घरी न्यायला काही असते तो कुलूप लावतो. जो कुलूप लावत नाही त्याचे तिथे काही नसते. ज्याचे काही नसते तो तिथला नसतो. तेव्हा जागा रिकामी. (या तर्कातली एकही पायरी सरांच्या विद्यार्थ्यांना खटकली नसती, त्यांनी ती जशीच्या तशी पाठ केली असती.)

आदिवासींची जमीन बाहेरच्या माणसाला सहजासहजी विकत घेता येत नाही, असा कायदा आहे. मंडळ कायद्याला मानणारे होते. त्यांनी जमीन विकत घेतली नाही. ती त्यांना सापडली.

पुढच्या शनिवारी गच्चीवर भेळ मागवून बैठक भरली. वीजकेंद्रात तंत्रज्ञ असलेल्या ललितने मुलीच्या दप्तरातली पट्टी आणली होती. सोळा कुटुंबे, सोळा वाटे, सरळ रेघा. एक रेघ एका घराच्या मधोमध गेली, पण त्याला पट्टी काय करणार? घरच तिरपे बांधलेले होते. पाड्यातर्फे बैठकीला कोणी हजर नव्हते. कोणी बोलावलेच नव्हते. सरांना त्या क्षणी काहीतरी आठवल्यासारखे झाले, पण तेवढ्यात भेळ आली.

नकाशावरच्या रेघा मग चुन्याने जमिनीवर उमटल्या. टेकडीचे नाव 'दहातोंडे पॉइंट' झाले, मोहाच्या झाडावर पाटी लागली, आणि सौंदर्यीकरण म्हणून विहिरीला तारेचे कुंपण, फाटक आणि कुलूप बसले. किल्ली सरांच्या दारामागच्या खिळ्याला, कॅलेंडरशेजारी टांगली गेली.

एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी. त्या मोहाखाली अर्चनाबाई दुपारभर झोपल्या आणि एकदाही खोकल्या नाहीत. सर शेजारी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. बायकोची एवढी एक झोप मिळत असेल, तर माणूस पाडाच काय, खंडदेखील घेईल.

शिमग्याला पाडा परत आला. चिंधूने दाराची दोरी सोडली तर चुन्याची रेघ थेट त्याच्या चुलीतून गेलेली. रविवारी मंडळ आल्यावर त्याने अदबीने विचारले, तेव्हा सरांनी त्याला विकास समजावून सांगितला. मंडळाने पाड्याला जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दंतमंजन आणि स्वच्छतेवर एक भाषण दिले. पाड्याची करवंदे आणि काकड्या आपुलकीने घरी नेल्या. विहीर दर रविवारी उघडण्याचेही ठरले.

"पानी रोज लागतं, सर," चिंधू म्हणाला.

सरांनी मागणी वहीत नोंदवली. (नोंदवलेली मागणी ही जवळजवळ पूर्ण झालेलीच असते.)

दोन महिने पाड्याच्या बायका सहा दिवस नदीवर जात, उतरून चढायला तासभर, आणि सातव्या दिवशी विहिरीवर. कुलूप फोडायला एक दगड पुरला असता. पण मोहावरच्या पाटीवर 'कायदेशीर कारवाई' असे लिहिले होते आणि कायदा कोणाला लागू होतो, हे पाड्याला अनुभवाने माहीत होते.

मग मे महिना आला. शाळेला सुटी लागली. सुगंधा सोसायटी आपापल्या गावी गेली आणि सरही सपत्नीक नेवाशाला गेले, दाराला तीन कुलपे लावून. किल्ली आत, खिळ्याला. म्हणजे विहिरीचा रविवारही बंद.

महिन्याने रिक्षातून उतरले तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकोणीस चुली पेटलेल्या. हंडे सोसायटीच्या नळाखाली रांगेत. जमिनीवर चुन्याच्या सरळ रेघा. एक रेघ सरांच्या स्कूटरच्या मधोमध गेलेली. खांबाला पुठ्ठ्याची पाटी, पोरासोरांच्या अक्षरात : 'सदर जागा रिकामी आढळली. शोध : चिंधू.'

"अरे, हा काय प्रकार?" सर ओरडले. "आम्ही गावाला गेलो होतो!"

"आमीपन कामाला गेलतो, सर," चिंधू म्हणाला.

"पण वर दाराला कुलपं दिसली नाहीत? तीन-तीन कुलपं!"

उत्तर चिंधूच्या बायकोने, लाडकीने दिले. भाकरी थापता थापता, काडीचाही राग न ठेवता.

"दिसली ना. आमच्यात परत येनारा मानूस दाराला दोरी बांधतो, मंग शेजारी ध्यान ठेवतात. येवढी कुलपं लावून गेला, त्याला शेजारीच नसंल. मंग तो कशाला परत येतो?"

बावीस वर्षे सरांनी कारणे शिकवली होती, परिणाम आता समोर भाकऱ्या भाजत बसला होता.

मध्येच अर्चनाबाईंना उबळ आली. खोकत खोकतच त्या जिना चढल्या, तिन्ही कुलपे उघडली, खिळ्यावरची किल्ली घेऊन खाली आल्या आणि सरांना न विचारता ती लाडकीच्या हातात ठेवली.

लाडकीने किल्ली कनवटीला लावली आणि त्यांच्याकडे पाहिले. "येवढा खोकला हाय तर येत जा ना ताई. मव्हाखाली निजायला कुंपन कशाला लागतं?"

तासाभरात पाडा निघून गेला. जाताना त्यांनी पार्किंग झाडून दिले, चुन्याच्या रेघांसकट. (ब्रिटिशांनी हे केल्याची नोंद नाही.)

शाळा सुरू झाल्यावर सरांनी घटक चाचणी काढली. साम्राज्यवादावर या वेळी पाच गुणांचा प्रश्न नव्हता. पहिलाच प्रश्न होता, 'रिकाम्या जागा भरा', आणि त्यात एकच वाक्य. वर्गात कोणालाही ते सोडवता आले नाही, म्हणून सर हल्ली भेटेल त्या मोठ्या माणसाला विचारतात. आपणही प्रयत्न करून पाहावा :

तुम्ही आत्ता जिथे बसून हे वाचत आहात, ती जागा तुम्ही येण्यापूर्वी _______ होती. (गुण १. शेजाऱ्याचे पाहून लिहू नये. त्यानेही 'रिकामी'च लिहिले आहे.)