सडांना चोळलेला काढा

मी गाईच्या सडांना कडुनिंबाचा काढा चोळला. चोळायचा होता पाठीला.

सकाळपासून वासरू सडाला तोंड लावी, लगेच मान फिरवी आणि माझ्याकडे बघून हंबरे. दुपारी त्याचे पाय लटपटायला लागले, तेव्हा मी युनूसभाईंना फोन केला.

युनूसभाईंचं कान्हे गावात पंक्चरचं दुकान. हे गृहस्थ कुणाच्याही दारात गेले की माणसाआधी गाईला भेटतात. कान उलटा करून गोचीड शोधतात. एकदा वरात थांबली होती. नवरदेव घोड्यावर, आणि हे घोड्याच्या कानात!

काढा त्यांचाच. कडुनिंब आणि निरगुडीचा पाला उकळायचा, गाळून गार करायचा. दर चौथ्या दिवशी गाईला लावायचा, तितक्याच निष्ठेनं गोठ्याच्या भिंतीलाही.

"गोचीड जेवतो गाईवर, ऱ्हातो भिंतीत. एक फट सोडू नका, मास्तर."

दोनदा करून मी कंटाळलो.

"गोचीड कंटाळतो का? मंग आपुन का कंटाळायचं?"

म्हणून तिसऱ्या वेळी मी जिद्दीनं, जिथं हात पोचला तिथं काढा चोळला.

सायकल हाणत ते आमच्या गावी, बेडशाला आले. आधी गाईचा कान, मग मी.

"सडाला कुनी सांगितलावता?"

"म्हटलं, सगळीकडं लावलेला बरा."

"मंग सोता चाटून बघायचा व्हता!"

कोमट पाण्यानं त्यांनी सड तीनदा धुतले. दुधात बोट बुडवून वासराच्या तोंडात दिलं. वासरू थुंकलं. पुन्हा दिलं. तासभर शेणात गुडघे टेकून बसले, चहालाही उठले नाहीत. शेवटी वासरू बोट चोखायला लागलं आणि बोटामागून सडापर्यंत गेलं.

वासरू पीत असताना युनूसभाई हळूच म्हणाले, "माझी चांदणी गाय गोचीडतापानं गेली. जगाच्या ट्यूबा पान्यात बुडवून भोकं हुडकली, पन तिच्या कानात बघाया सुचलं न्हाई."

काहीतरी बरं बोलावं म्हणून म्हटलं, "या वासराचं नाव चांदणीच ठेवतो, भाई."

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. वासराची शेपटी वर केली.

"गोऱ्हा हाय त्यो, मास्तर. जलमून महिना झाला की वो, अजून बघितलं न्हाई?"