पुढे थांबू

चष्मेवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. त्याच्या एका टोकावर चहाचा कप होता, दुसऱ्यावर बायकोचं कोपर. डोंगरातलं तळं, धबधबा आणि जुना किल्ला पाहायचा, इथवर एकमत होतं. जायचं कसं, यावर घोडं अडलं होतं.

"गाडीनं," चष्मेवाले म्हणाले. "मनात आलं की थांबायचं. रेल्वे काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

"आणि तुम्ही कधी थांबलात हो? लग्न झाल्यापासून ऐकतेय, पुढे थांबू, पुढे थांबू! ती छप्पर उडालेली गिरणी, पोटातून झाड वर आलेली, पाहिलीत कधी?"

"कुठली गिरणी?"

"घ्या!"

साऱ्या गावाला दृष्टी देणाऱ्या या माणसाला गाडीत बसल्यावर पुढच्या ट्रकच्या पाठीखेरीज काही दिसत नसे. बायको "ते बघा" म्हणायची, ते "कुठंय?" म्हणायचे, आणि तोवर ते मागे पडलेलं असायचं.

पलीकडे वाटाणे सोलत त्यांची धाकटी बहीण बसली होती. साठी आली तरी घरात ती चिमीच. ती हळूच म्हणाली, "दादा, थोडा वेळ मी चालवीन की. तू बघ बाहेर."

"तू? माझ्या गाडीला दुसरा हात चालत नाही, सांगून ठेवतो!"

चिमीनं लायसन्स काढलं होतं. ते कपाटात कोरं करकरीत पडून होतं. ती पुन्हा वाटाण्यांकडे वळली.

"बरं, मग मी रेल्वेनं जाते," बायको म्हणाली. "तुम्ही आणि वन्सं गाडीनं या. संध्याकाळी ज्याच्याकडे सांगण्यासारखं जास्त असेल, त्याचं यापुढे ऐकायचं."

चष्मेवाल्यांनी पैज घेतली. पण ही बाई खिडकीतून एवढं पाहते तरी काय, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

ठरल्या दिवशी गाडी स्टेशनबाहेर उभी राहिली. मांडीवर जेवणाचा डबा घेऊन चिमी आत बसून राहिली आणि चष्मेवाले बायकोची पिशवी घेऊन रेल्वेच्या डब्यात चढले. चढता चढता त्यांनी गाडीची किल्ली बायकोच्या हातात दिली. गाडीतून उतरलं की किल्ली तिच्याकडे, हा घरचा नियम होता. एकदा त्यांनी ती एका गिऱ्हाइकाला नव्या चष्म्याच्या घरात घालून देऊन टाकली होती, तेव्हापासूनचा.

पिशवी फळीवर ठेवून ते वळले, आणि त्यांची नजर खिडकीवर गेली.

"ही काय काच आहे? यातून तुला डोंगर दिसणार की धूळ?"

खिशात दुकानातलं मऊ फडकं होतंच. त्यांनी काचेवर हाः केलं आणि पुसायला लागले. मळकी काच त्यांना कधी सोसलीच नव्हती.

"त्या कोपऱ्यात राहिलं बघा," बायको म्हणाली.

त्यांनी कोपरा पुसला.

"वर एक बोट उमटलंय."

ते वरचं बोट पुसत असतानाच फलाट मागे सरकू लागला.

"अगं, सुटली! थांबवा! चिमी तिकडे गाडीत, किल्ली तुझ्याकडे!"

"वन्सं काही कुक्कुलं बाळ नाहीत. बसा आता. पाय मोडून घ्याल."

तिकीट तपासनीस आला तेव्हा चष्मेवाले खिसे चाचपू लागले. बायकोनं शांतपणे दोन तिकिटं पुढे केली.

"दोन?" त्यांनी विचारलं.

"एक पिशवीचं."

ते रुसून खिडकीकडे वळले. काच लख्ख होती. थोड्या वेळानं ते एकदम उठून उभे राहिले.

"अगं, गिरणी! झाड आहे गं आतून! आणि बगळे बसलेत वर, बघ, बघ!"

"कुठंयत?" बायकोनं मान उंचावली. पण खिडकीत चष्मेवाल्यांचं डोकं मावलं होतं तेवढंच, आणि तोवर गिरणी मागे पडली होती.

पुढे रस्ता रुळांना येऊन मिळत होता. फाटकापाशी वाहनं खोळंबली होती, आणि सगळ्यांत पुढे त्यांचीच गाडी होती. चालकाच्या जागी त्यांचाच काळा चष्मा लावून चिमी बसली होती. रेल्वे पाहताच तिनं हॉर्न वाजवला.

"ती... ती चालवतेय! किल्ली तर तुझ्याकडे!"

बायकोनं पर्समधली किल्ली दाखवली. "ही एक. दुसरी कपाटातली, त्यांना दिली."

चष्मेवाले मागे पडणाऱ्या फाटकाकडे बघत म्हणाले, "गिअर नीट टाकते ना?"

"घरी आल्यावर सांगते. परतताना मी त्यांच्याबरोबर गाडीनं येणार आहे. कबूल केलंय त्यांनी, म्हणाल तिथे थांबीन. अहो, ऐकताय ना? आणि आता सरका जरा, मला बघू दे."

"पूल येतोय," चष्मेवाले काचेला नाक लावून म्हणाले. "तू पुढे बघ."