दुहेरी दोरा

शिंपीणकाकूंच्या नव्या दाताभोवतीची हिरडी सुजली आणि घरात दोन पक्ष पडले.

"आई, तुम्ही तो दात नीट साफ करत नाही," सून म्हणाली.

"चाळीस वर्षं मशीन पुसल्याशिवाय आडवी झाले नाही मी. मला साफसफाई शिकवू नकोस."

हा दात साधा नव्हता. हाडात स्क्रू बसवून त्यावर चढवलेला होता. मूळचा दात दोरे तोडून तोडून झिजला होता. पूर्वी कात्री शोधायला वेळ कुणाला होता? एक दिवस काजं करताना तो तुटलाच. त्यानंतर सहा महिने काकू तोंडावर हात धरून हसायच्या. माप घेताना टेपला दोन्ही हात लागतात, म्हणून गिऱ्हाइकांसमोर तर त्यांनी हसणंच सोडलं. आता हाही दात गमवायची त्यांची तयारी नव्हती.

दात बसवताना डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रोज दाताच्या दोन्ही बाजूंनी दोरा फिरवायचा, आणि या दाताने दोरा तोडायचा नाही. पहिली गोष्ट काकू नेमाने करत होत्या. सूज आल्यावर त्यांनी दोरा दुहेरी केला. सूज वाढली, तेव्हा दिवसातून तीनदा घातला. मग रक्त यायला लागलं आणि सुनेने त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं.

"काकू, स्क्रूभोवती जंतूंनी घर केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सूज हाडात उतरली तर स्क्रू काढावा लागेल."

"काढून तर बघ. तुझ्या शाळेच्या गणवेशाच्या बाह्या मी तीनदा उसवून वाढवल्या, विसरलीस?"

"नाही विसरले. आ करा."

"आधी ऐक. रोज दोरा घालते मी."

"मी तर यांना दोरा कधी आणूनच दिला नाही," सून हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चिमटा घातला. हिरडीखालून काहीतरी हिरवं बाहेर आलं. काकूंनी ते उजेडात धरून बोटांनी पिळून पाहिलं.

"सुती आहे. तुझ्या खिडकीचे पडदे शिवले ना, तोच."

"शिवणाचा दोरा? अहो, त्याचे तंतू सुटून आत अडकले. त्यावरच जंतू पोसले."

"दोरा घाला म्हणालीस. कुठला ते कुठे सांगितलंस? माझ्याकडे एकशे दहा रिळं आहेत."

डॉक्टरीणबाईंनी सगळं धुऊन काढलं आणि दातांच्या, पुदिन्याच्या वासाच्या दोऱ्याची डबी काकूंच्या हातात ठेवली.

पंधरा दिवसांनी सूज गेली होती.

"डबी कुठवर आली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"संपली."

"पन्नास मीटर? शाब्बास काकू, असंच वापरत राहा."

सून छताकडे बघत राहिली. घरी सासऱ्यांच्या एकूण एक शर्टाची बटणं पक्की झाली होती आणि कपाट उघडलं की पुदिन्याचा वास येत होता.

"तुझं बटण लोंबतंय," काकू डॉक्टरीणबाईंच्या कोटाकडे बघून म्हणाल्या. आपल्या पदराला टोचलेली सुई त्यांनी काढली, टेबलावरची नवी डबी उघडली, चार टाके घातले, गाठ मारली आणि नव्या दाताने दोरा कट्‌दिशी तोडला.

डॉक्टरीणबाईंनी आ वासला.

"मिट आता," काकू म्हणाल्या. "दात चांगला बसवलायस." आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून मोकळ्या तोंडाने हसल्या.