मगनशेठ आणि ठिपक्यांचं पुस्तक

जळगावच्या कापडबाजारात माणूस येतो तो रंग बघायला. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी तर गादीवर ठाण मांडून साड्यांचा असा ढीग घालायला लावतात की पलीकडचा दुकानदार दिसेनासा होतो. अशा भर बाजारात मगनशेठचं दुकान मात्र पांढरंफटक आहे. धोतरं, पंचे, टॉवेल, लठ्ठा, मांजरपाट, चादरी, टोप्यांचं कापड. जे काही आहे ते पांढरं. चुकून एखाद्या बाईनं "शेठ, जरा अबोली रंगात दाखवा ना" म्हटलं, की शेठ समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतात आणि वर ऐकवतात, "साफ बात, साफ कापड. रंग पाहिजे तर रस्ता ओलांडा."

माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या शेजारी आहे, मधे फक्त एक भिंत. शेठ मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, चष्मे विकतो, हे सांगून सांगून मी थकलो. "डोळ्यात बघतो तो डॉक्टर, साफ बात," असं म्हणून ते विषय संपवतात. त्यांना विषय संपवायला फार आवडतं, फक्त तो दुसऱ्यानं काढलेला असला पाहिजे.

पूर्वी हेच दुकान साड्यांचं होतं. गादीवर शेठ आणि शेजारी त्यांची पत्नी, आम्हा सगळ्यांची भाभी. भाभी गेल्या आणि महिन्याभरात शेठनी सगळा रंगीत माल मिळेल त्या भावात काढून टाकला. बाजारानं यावर बराच खल केला. कुणी म्हणालं, दुःख. कुणी म्हणालं, त्यांच्या जैन महाराजांसमोर काहीतरी व्रत घेतलं असणार. कोपऱ्यावरचा टोपीवाला म्हणाला, "छे हो, पांढऱ्यात फॅशन जुनी होत नाही, माल पडून राहत नाही. शेठ पक्का आहे." मला टोपीवाल्याचं पटायचं.

तर अशा या शेठच्या डोक्यात दीड-दोन वर्षांपूर्वी समुद्र शिरला.

त्याचं कारण यश. शेठची एकुलती एक मुलगी रेखा धुळ्याला दिली आहे. तिचा मुलगा यश अकरावीत असताना घरात जाहीर करता झाला की मी जहाजावरचा इंजिनियर होणार. आमच्या खानदेशात पाणी म्हणजे तापी, गिरणा आणि नळाला येईल तेव्हा. घराण्यात कुणी पोहलेलं नाही. धुळ्याच्या जावईबापूंनी कपाळाला हात लावला. शेठनी मात्र मोबाईल हातात घेतला आणि जहाजाचा इंजिनियर व्हायला काय काय लागतं याचे सगळे नियम मुखोद्गत केले.

मग ते नियम गिऱ्हाइकांनी ऐकायचे. एखादा साधा माणूस टॉवेल घ्यायला यायचा. शेठ टॉवेल उलगडायचे आणि सुरू व्हायचे.

"बारावीला भौतिक, रसायन, गणित पाहिजे. इंग्रजीचे मार्क वेगळे बघतात. कारण जहाजाचं इंजिन इंग्रजीत बिघडतं. मग सगळ्या देशाची मिळून एक प्रवेश परीक्षा. मग चार वर्षं कॉलेज. संपलं असं वाटतं ना तुम्हाला?"

"नाही हो, मला टॉवेल..."

"नाही संपलं! आग विझवायला शिकवतात. जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायला लावतात. मग जहाजावर उमेदवारी. मग परत लेखी परीक्षा. आणि मग तोंडी! समोर जुने खडूस इंजिनियर बसतात आणि विचारतात, रात्री इंजिन बंद पडलं, आता काय करशील? बोला, काय कराल?"

टॉवेलवाला हवालदिल. एकदा धरणगावकडच्या एका म्हाताऱ्यानं सगळी चार वर्षं आणि दोन्ही परीक्षा शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "शेठ, माले नुसता पंचा पाहिजे."

शेठना नियमांत एकच उणीव सापडली होती. जहाजावर कांदा-लसूण नसलेलं जेवण मिळतं की नाही, याचा कुठेच उल्लेख नव्हता. "एवढा मोठा कायदा केला, आणि मुद्द्याचंच राहिलं," असं ते मला तळमळीनं सांगायचे.

एके दिवशी ते माझ्या दुकानात आले, पण बसले नाहीत. नियमांमध्ये डोळ्यांचा एक भाग होता, तो त्यांनी वाचला होता. "चष्मा एका नंबरापर्यंत चालतो म्हणे. पण रंगांधळा माणूस चालत नाही. जहाजात नळ्या रंगावरून ओळखतात, पाण्याची कोणती, तेलाची कोणती. डॉक्टर, तुमच्याकडे ते ठिपक्यांचं पुस्तक आहे ना?"

होतं. ड्रायव्हर लोकांचे डोळे बघायला मी ते ठेवतो. पानापानावर रंगीत ठिपके आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. धड डोळ्यांना तो दिसतो. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्याला दिसत नाही, किंवा भलताच दिसतो. शेठनी पुस्तक दोन दिवसांसाठी नेलं आणि ते त्यांच्या गल्ल्यावरच मुक्कामाला राहिलं.

त्या दिवसापासून त्यांच्या दुकानात कापड घेण्याआधी परीक्षा द्यावी लागायची. पोस्टमन, हमाल, पलीकडचा पापडवाला, बँकेचे साहेब, कुणी सुटलं नाही. शेठ दुसरं पान उघडायचे. "काय दिसतं?" माणूस म्हणायचा, "आठ." शेठ आनंदानं ओरडायचे, "शाब्बास! जहाजावर चालाल तुम्ही!" पापडवाल्याला पासष्टाव्या वर्षी हे ऐकून इतकं बरं वाटलं की तो घरच्या पापडांचा पुडा देऊन गेला. गिऱ्हाईक चार-पाच पानांपुढे थांबत नसे, त्यामुळे परीक्षा तिथेच आटपायची.

फक्त ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्या यशची परीक्षा काही होत नव्हती. तो दिवाळीत येऊन गेला, संक्रांतीला येऊन गेला. शेठनी पुस्तक गादीखाली सारलं. मी विचारलं तर म्हणाले, "पोराला बारावीचा अभ्यास आहे, कशाला डोकं खाऊ?" दुसऱ्यांची डोकी खाताना हा विचार त्यांना कधी शिवला नव्हता.

गुपित फुटलं ते अमळनेरकडच्या एका आबांमुळे. ते धोतर घ्यायला आले होते. मी सुट्टे मागायला तिथेच उभा होतो. शेठ गावाकडच्या माणसाशी अहिराणीतच बोलतात. पान पुढे करून म्हणाले, "आबा, हाई दखा. काय दिखस?"

"तीन," आबा म्हणाले.

मला वाटलं, आता शेठ हसतील. पण शेठनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी चहा मागवला. धोतराच्या गिऱ्हाइकाला चहा, हे त्या दुकानात मी पहिल्यांदा पाहिलं. आबांना गादीवर बसवून ते हळूच विचारू लागले, "मिरच्या तोडाले गयात का कशा वळखतस? लाल का हिरवी?"

"मी कोठे तोडस?" आबा म्हणाले. "बायको तोडस. मी पोतं उचलस."

शेठ खाली बघत हसले. "मनं बी असंच व्हतं," ते म्हणाले.

आबा गेल्यावर मी त्यांच्या समोर बसलो आणि तेच पान उघडलं. "शेठ, तुम्हाला काय दिसतं इथे?"

"तीन," शेठ म्हणाले. "जन्मापासून तीनच. साफ बात."

मग त्यांनी मला सांगितलं. लाल, हिरवा, चॉकलेटी, त्यांना सगळं एकाच घरचं दिसतं. लग्न झाल्यावर भाभींच्या ते लक्षात आलं. त्यांनी साड्या रंगांप्रमाणे फळ्यांवर लावल्या. गिऱ्हाईक मोरपंखी म्हणालं की भाभी म्हणायच्या, "वरून दुसरी फळी, शेठ." बाजाराला वाटायचं, काय बाई आहे, नवऱ्याला हुकूम सोडते! रेखालाही शेवटपर्यंत हे कळू दिलं नव्हतं. भाभी गेल्यावर थोड्याच दिवसांत, ऐन लग्नसराईत, बस्त्याला आलेल्या मंडळींनी हिरवा शालू मागितला. शेठनी चॉकलेटी उलगडून समोर ठेवला आणि म्हणाले, "बघा, कसा पोपटी उठून दिसतोय." मंडळी हसत बाहेर पडली. त्या महिन्यात दुकान पांढरं झालं.

"पण मग अख्ख्या बाजाराची परीक्षा कशी घेता तुम्ही? तुम्हाला उत्तर कुठे माहीत आहे?"

"सोपं आहे. जो माझ्यासारखं बोलला तो नापास. जो वेगळं बोलला तो पास."

मला हसू आवरेना. शेठ मात्र हसले नाहीत. "डॉक्टर, मी विचारलंय एका मोठ्या डॉक्टरला. हे बापाकडून मुलाला जात नाही म्हणे. मुलीच्या हातून नातवाला जातं. पोरगं दोन वर्षं त्या एका गोष्टीसाठी रात्रंदिवस शिकतंय. तिथे पहिल्याच तपासणीत त्याला घरी पाठवलं, तर ते माझ्यामुळे. मी रेखाला काय तोंड दाखवू?"

गेलंच असेल असं नाही, निम्मी शक्यता न जाण्याचीही असते, असं मी म्हणालो. शेठ म्हणाले, "व्यापाऱ्याला निम्मी शक्यता सांगू नका." मला त्यांची फार दया आली, आणि ती लपवायला मी सुट्टे मागून निघालो.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतातच. रेखा आली, यश आला. बारावीची परीक्षा झाली होती, प्रवेश परीक्षा तोंडावर होती. शेठनी मला रस-पुरणपोळीला बोलावलं आणि जिन्यातच दंड धरून म्हणाले, "आज घ्यायचीच. तुम्ही शेजारी बसा."

जेवणं झाली. पोटात आमरस, बाहेर ऊन. शेठनी पुस्तक आणलं आणि घसा खाकरला. "यश, जरा हे बघ. सहजच."

यश उघडाबोडका पंख्याखाली पडला होता. तो उठून बसला. "आठ," तो म्हणाला.

"नीट बघ."

"नाना, आठच आहे."

शेठनी पान उलटलं. यशनं आकडा सांगितला. पुन्हा पान, पुन्हा आकडा. प्रत्येक आकडा शेठना दिसणाऱ्या आकड्याहून वेगळा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजत होतं, आणि प्रत्येक आकडा बरोबर होता. शेठचे खांदे हळूहळू खाली आले. मला वाटलं, आता पुस्तक मिटतील. पण सुटकेच्या भरात ते पानं उलटत राहिले आणि पूर्वी कधी गेले नव्हते तिथे, मागच्या पानांवर पोचले.

यश वाकला. डोळे बारीक केले. "इथे काही नाही," तो म्हणाला.

"काही नाही म्हणजे?"

"नुसते ठिपके आहेत, नाना."

शेठचा चेहरा त्यांच्या दुकानातल्या मालासारखा झाला. "अरे, असं काय करतोस? हा बघ! एवढा मोठा पाच! हा, इथे! हे काय, इथून असा वळलाय!" ते बोटानं पाच गिरवायला लागले. "रेखा, सांग ना त्याला! दिसतोय ना पाच?"

रेखा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिनं पानाकडे पाहिलं. "बापू, इथे काहीच नाही."

आता मला बोलणं भाग होतं. "शेठ, त्या पानावर धड डोळ्यांना काही दिसतच नाही. तिथे आकडा दिसतो तो फक्त..." आणि मी थांबलो, पण उशीर झाला होता. रेखा बापाच्या बोटाकडे बघत होती. बोट अजून पाचावरच होतं.

"म्हणजे पोरगा पास?" शेठनी मला विचारलं.

"पास. पहिल्या नंबरानं पास."

शेठ मागे लोडाला टेकले आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. यशला काही कळेना, पण नाना हसतात म्हणून तोही हसला. पुढे नियमाप्रमाणे नेमलेल्या डॉक्टरांनीही यशच्या डोळ्यांवर शिक्का मारला आणि प्रवेश परीक्षाही तो पास झाला. हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. त्या दुपारी मलाही इतकं हलकं वाटलं की मी न विचारता आणखी एक वाटी रस घेतला.

हसणं ओसरल्यावर रेखा बापाशेजारी येऊन बसली. "बापू, तुम्हाला रंग दिसत नाहीत? कधीपासून?"

"कायमचेच. तुझ्या आईला माहीत होतं." शेठ मान खाली घालून म्हणाले. मला वाटलं होतं, त्यांना लाज वाटेल. पण तसं काही दिसलं नाही. उलट एखादं जड गाठोडं खाली ठेवलेल्या माणसासारखे ते मोकळे बसले होते. मग एकाएकी उठले आणि आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जुन्या मलमलीत गुंडाळलेली एक साडी होती. ती त्यांनी रेखासमोर ठेवली.

"तुझी आई दर आखाजीला ही नेसायची. हिचा रंग कोणता गं?"

रेखानं मलमल सोडली. "डाळिंबी, बापू."

"डाळिंबी." शेठनी मान हलवली. "हां, डाळिंबीच. तिनं सांगितलं होतं मला. मग मी विसरलो. ती गेल्यावर विचारायचं कुणाला?" त्यांनी साडीवरून हात फिरवला. "आणि काठ?"

"काठ हिरवा. गडद, बाभळीच्या पाल्यासारखा."

"आणि पदर?"

मी उठून जायला हवं होतं, पण बसून राहिलो. यशनं मोबाईल बाजूला ठेवला. रेखानं साडी मांडीवर घेतली, एकेक घडी उलगडली आणि पदरापासून सगळे रंग बापाला सांगायला सुरुवात केली.